आधी मॉनिटर, मग बाकीचं : नव्या गेमिंग पीसीच्या प्रकल्प नोंदी

३ मे २०२५, शनिवार

जुन्या पीसीने हात टेकले. जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, ६ जीबी मेमरी, २४ इंची १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेल) मॉनिटर, ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. जवळजवळ नऊ वर्षं इमानेइतबारे चाललं. हल्ली मात्र काही खेळ कार्डात रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या आणि प्रतिबिंबं रंगवायची सोय नसेल तर सुरूच होत नाहीत, सरळ सूचना दाखवून बाहेर काढतात. तेव्हा नवा पीसी करायचाच, आणि या वेळी हात आखडता न घेता.

वही काढली आणि पहिल्या ओळीत ऐटीत लिहिलं : आरटीएक्स ५०९० कार्ड, ३२ जीबी मेमरी, ५७५ वॉट. खाली प्रोसेसर, रॅम, सगळं त्याच थाटाचं. धाकटा भाऊ खांद्यावरून बघत होता.

"दादा, हे सगळं या मॉनिटरला लावणार?"

मी वही मिटली.

त्याचं बरोबर होतं. ६० हर्ट्झचा १०८०पी पडदा सेकंदाला साधारण १२.४ कोटी पिक्सेल दाखवतो. ४के (३८४० बाय २१६०) आणि २४० हर्ट्झचा पडदा दाखवतो १९९ कोटी, म्हणजे बरोबर १६ पट. कार्ड किती ताकदीचं लागेल हे या आकड्यावर ठरतं, आणि कार्डावरून पॉवर सप्लाय, कॅबिनेट, पंखे. मी धान्य न बघता जातं घ्यायला निघालो होतो. पहिली ओळ खोडली नाही, तिच्यावर प्रश्नचिन्ह काढलं.

४ मे, रविवार

आज फक्त एवढंच लिहायचं : या पडद्यासमोर कोण बसणार आणि काय करणार.

मी : एकट्याने खेळायचे, रमतगमत चालणारे खेळ. रात्रीचे रस्ते, पाऊस, डबक्यात पडलेले दिवे. सेकंदाला ८०-९० फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळाल्या की मी खूश. पण दिवसा आठ तास याच पडद्यावर मजकुराचं काम, त्यातलं निम्म्याहून जास्त मराठी.

भाऊ : नेमबाजी. त्याला चित्र सुंदर दिसण्याशी देणंघेणं नाही, समोरचा कोपऱ्यातून डोकावला की लगेच दिसला पाहिजे. त्याची मागणी ३६० हर्ट्झ.

त्याला आकडे मांडून दाखवले. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ ला ६.९, २४० ला ४.२ आणि ३६० ला २.८. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलं की जवळपास १० मिलिसेकंद वाचतात, १४४ वरून २४० वर २.८, आणि २४० वरून ३६० वर जेमतेम १.४. पहिली उडी डोळे मिटून घ्यावी, दुसरी ऐपत असेल तर. तिसरी स्पर्धेत उतरणाऱ्यांनी. "मी उतरणारच आहे," असं म्हणाला. २४० वर तह झाला.

८ मे, गुरुवार

पुठ्ठे कापले. २७ इंची पडदा म्हणजे साधारण ६० बाय ३३.६ सेंटिमीटर, ३२ इंची म्हणजे ७१ बाय ४०. दोन्ही पुठ्ठे आळीपाळीने टेबलावर भिंतीला टेकवून समोर बसलो. वेडेपणा वाटेल, पण ज्याला मॉनिटर घ्यायचाय त्याने हे करावंच. कागदावरचे पाच इंच टेबलावर फार वेगळे दिसतात.

३२ इंच पुठ्ठा पहिल्यांदा अंगावर आला. मग लक्षात आलं, मी फार पुढे सरकून बसतो. टेबल ६० सेंटिमीटर खोल आहे, मॉनिटरचं स्टँड त्यातले वीस-पंचवीस खाणार. म्हणजे टेबलाच्या मागच्या कडेला अडकवायचा मॉनिटर आर्म लागणार. पाठीमागे १०० बाय १०० मिलिमीटरची भोकं असली की काम झालं. आर्म धरून डोळ्यापासून पडदा ७० सेंटिमीटरवर जातो. तेवढ्यावर ३२ इंच बरोबर बसतो.

आता अक्षरांची धार. हात लांब करून करंगळी धरली की तिची रुंदी नजरेला साधारण १ अंश भरते. चांगल्या नजरेला त्या एका अंशात ६० च्या आसपास पिक्सेल वेगळे ओळखता येतात, असा ढोबळ हिशोब. ७० सेंटिमीटरवरून माझ्या जुन्या मॉनिटरचे एका अंशात ४४ पिक्सेल येतात. २७ इंची १४४०पी (२५६० बाय १४४०) चे ५२. ३२ इंची ४के चे ६६. म्हणजे ६० ची रेघ ओलांडतो तो एवढाच.

३४ इंची रुंद पडदाही यादीत होता. ३४४० बाय १४४०, पिक्सेलची दाटी २७ इंची १४४०पी इतकीच. भावाच्या काही खेळांत बाजूला काळ्या पट्ट्या येतात. काट.

११ मे, रविवार

मित्राकडे जाऊन आलो. त्याच्याकडे २७ इंची १४४०पी चा क्यूडी-ओएलईडी आहे, म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो असा पडदा. खेळ लावला आणि माझी बोलती बंद झाली. अंधाऱ्या खोलीत काळं म्हणजे खरंच काळं, कारण तिथले पिक्सेल बंदच असतात. आयपीएस जातीच्या नेहमीच्या एलसीडी पडद्यात मागचा दिवा सतत जळत असतो, त्यामुळे काळ्याचं राखाडी होतं आणि कोपऱ्यातून उजेड झिरपतो. व्हीए ही एलसीडीचीच दुसरी जात त्याहून गडद, पण अंधारात काही हललं की मागे शाईसारखा ओघळ राहतो. मिनी-एलईडीत मागचा दिवा शेकडो तुकड्यांत विभागलेला असतो, तरी काळ्या आकाशातल्या एका चांदणीभोवती धुरकट वलय दिसायचं ते दिसतंच. ओएलईडीत यातलं काही नाही. तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं.

मग सहज एक मराठी लेख उघडला.

पांढऱ्यावर काळी अक्षरं. काहीतरी खुपत होतं, काय ते कळेना. नाक पडद्याला लावून पाहिलं तेव्हा दिसलं : शिरोरेषेच्या वरच्या कडेला जांभळट झाक, खालच्या कडेला हिरवट. पूर्ण ओळभर. मित्राला दाखवलं तर तो म्हणाला, "वर्षभर वापरतोय, मला कधी दिसलं नाही." त्याचं सगळं काम इंग्रजीत. रोमन लिपीत आडव्या रेघा तुटक तुटक, ईची दांडी, टीची दांडी. आपल्याकडे शब्दागणिक डोक्यावर आडवी रेघ, तीही शब्दभर लांब.

कारण सोपं आहे. नेहमीच्या पडद्यात एका पिक्सेलचे लाल, हिरवा, निळा हे भाग शेजारी-शेजारी उभे असतात. क्यूडी-ओएलईडीत ते त्रिकोणात बसतात : हिरवा वर, लाल आणि निळा खाली. त्यामुळे काळ्या रेघेच्या वर असलेल्या पांढऱ्या पिक्सेलचा रेघेला चिकटलेला भाग लाल-निळा, म्हणून जांभळट. रेघेखालच्या पांढऱ्याची सुरुवात हिरव्याने, म्हणून हिरवट. दुसऱ्या जातीच्या ओएलईडीत, म्हणजे डब्ल्यूओएलईडीत, पांढरा धरून चार भाग आडव्या रांगेत असतात. तिथे आडवी रेघ स्वच्छ राहते आणि झाक येते ती उभ्या रेघेला. थोडक्यात, एक शिरोरेषा रंगवतं, दुसरं काना.

एवढ्या सगळ्या परीक्षणांत ही गोष्ट कुठे वाचली नव्हती. चूक त्यांची नाही, ती माणसं देवनागरी वाचत बसत नाहीत.

परत निघताना मन खट्टू. आयपीएस घ्यायचा की काय?

१७ मे, शनिवार

आठवडाभर घोळ घातला. शेवटी ओळखीतून एकाकडे ३२ इंची ४के क्यूडी-ओएलईडी पाहायला मिळाला आणि तोच लेख तिथे उघडला. झाक आहे, नाही असं नाही. नाक लावलं की दिसते. पण पिक्सेलची दाटी इंचाला १०९ वरून १३८ वर गेल्याने ती रेघ इतकी बारीक झाली की ७० सेंटिमीटरवरून मला सापडेना. त्यात विंडोजमध्ये मजकुराचा आकार १५० टक्क्यांवर ठेवला की शिरोरेषा एकऐवजी दोन पिक्सेल जाड होते आणि काळा गाभा ठसठशीत उरतो.

मॉनिटर ठरला : ३२ इंच, ४के, २४० हर्ट्झ, क्यूडी-ओएलईडी.

दोन अटी स्वतःला घातल्या. एक, टेबल खिडकीसमोरून हलवायचं. या पडद्यांत प्रकाश अडवणारा पोलरायझर नसतो, त्यामुळे उजेड थेट पडला की काळं जांभळट-राखाडी दिसतं. दुसरी, एकच चित्र तासन्‌तास उभं ठेवायचं नाही, नाहीतर त्याचा ठसा पडद्यात कायमचा उमटायची भीती. टास्कबार लपवायचा, डेस्कटॉप काळा.

भावाने विचारलं, केबलमधून एवढं सगळं जाईल का? छान प्रश्न. ४के, २४० हर्ट्झ, १० बिट रंग, म्हणजे सेकंदाला जवळपास ६० गिगाबिट. मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्ट १.४ जोडणीतून प्रत्यक्षात जातात २५.९२. मग उरलेलं डीएससी नावाच्या दाबणीने बसवतात. वाचताना वाटतं चित्राची वाट लागेल. मी चालू-बंद करून फरक शोधायचा बराच प्रयत्न केला, एकदाही जमलं नाही. नवं डिस्प्लेपोर्ट २.१ पूर्ण वेगाचं असेल तर न दाबता जातं, पण केवळ त्यासाठी वेगळं मॉडेल शोधणार नाही.

१८ मे, रविवार

आता कार्ड. आता कुठे त्या पहिल्या ओळीकडे परत.

४के म्हणजे १४४०पी च्या सव्वादोन पट पिक्सेल. पण डीएलएसएस या एनव्हीडियाच्या चित्र वाढवणाऱ्या सोयीत, तिच्या क्वालिटी पायरीवर, कार्ड आतून २५६० बाय १४४० चंच चित्र काढतं आणि मग वाढवतं. मला ८०-९० फ्रेम हव्यात. त्याला ५०९० लागत नाही. शिवाय ५७५ वॉट म्हणजे काय ते कल्पनेत आणून पाहिलं : माणूस नुसता बसला तरी साधारण १०० वॉट उष्णता खोलीत सोडतो. ५०९० म्हणजे माझ्या खोलीत आणखी पाच-सहा जण येऊन बसले.

उरले ५०८०, ५०७० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी. तिघांना १६ जीबी मेमरी. ५०८० ला १०,७५२ कोर आणि ३६० वॉट, ५०७० टीआयला ८,९६० कोर आणि ३०० वॉट. कोर वीस टक्के जास्त, मेमरी तेवढीच. उद्या खेळांना १६ जीबी कमी पडायला लागली तर दोन्ही एकाच दिवशी म्हातारी होतील. ९०७० एक्सटी भावाला फार आवडलं होतं आणि साध्या चित्रणात ते कुठे कमी नाही. पण मी रे ट्रेसिंगच्या डबक्यांचा शौकीन, तिथे एनव्हीडियाचं पारडं जड.

५०७० टीआय. प्रश्नचिन्हासकट पहिली ओळ खोडली. हात आखडला, मान्य. पण मॉनिटरच्या बाबतीत नाही.

२० मे, मंगळवार

प्रोसेसरवरून घरात वाद. माझं म्हणणं : ४के ला सगळा भार कार्डावर, एएमडीचा साधा रायझन ७ ९७०० एक्स पुरे, कागदावर ६५ वॉटचा. भाऊ ९८०० एक्स३डी वर अडून बसलेला.

त्याच्याच खेळावर कस लावला. जुन्या पीसीवर त्याचा नेमबाजीचा खेळ लावून रिझोल्यूशन एकदम तळाला आणलं. चित्र ठोकळ्यांचं झालं, पण फ्रेम वाढल्याच नाहीत. कार्ड निम्मं रिकामं बसलेलं. म्हणजे अडतंय ते प्रोसेसरपाशी. ज्याला शंका असेल त्याने हीच परीक्षा घ्यावी : रिझोल्यूशन उतरवून फ्रेम वाढल्या तर कार्ड थकलंय, न वाढल्या तर प्रोसेसर.

२४० फ्रेम हव्या तर प्रोसेसरला दर ४.२ मिलिसेकंदांत सगळ्या जगाचा हिशोब संपवावा लागतो. तिथे ९८०० एक्स३डी चा ९६ एमबी एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच चपळ मेमरी, उपयोगी पडतो. ९७०० एक्सला ३२ आहे. लागणारी माहिती रॅमपर्यंत हेलपाटे न घालता जवळच सापडते. आधीच्या पिढ्यांत हा जादा कॅशे कोरच्या डोक्यावर चढवलेला असायचा, उष्णता बाहेर पडताना तो आडवा यायचा. या पिढीत तो कोरच्या खाली गेला, म्हणून वेगही वाढवता आला. भाऊ जिंकला.

२४ मे, शनिवार

उरलेलं भराभर.

रॅम : १६ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर५ ६०००, सीएल३०. नुसत्या ६००० च्या वेगाला भुलायचं नाही, सीएल म्हणजे माहिती यायला लागणारा उशीर, तोही बघायचा. सीएल३० ला पहिला शब्द हातात यायला १० नॅनोसेकंद, सीएल४० ला १३.३. चार पट्ट्या लावायच्या नाहीत, या रायझनच्या एएम५ बोर्डांवर वेग उतरवावा लागतो.

मदरबोर्ड : बी८५० चिपसेटचा. एक्स८७० ला यूएसबी४ सक्तीचं असतं, मला त्याचा उपयोग शून्य. पुस्तिकेतला एम.२ चा, म्हणजे एसएसडीच्या खाचांचा, तक्ता मात्र वाचला. काही बोर्डांवर दुसऱ्या खाचेत एसएसडी लावली की कार्डाला माहिती नेणाऱ्या १६ लेनच्या ८ होतात.

एसएसडी : २ टीबी, पीसीआयई ४.०, सेकंदाला ७ जीबीची. ५.० चा वेग दुप्पट, पण खेळ उघडायला लागणाऱ्या वेळात तो जाणवत नाही, गरम मात्र होते.

पॉवर सप्लाय : कार्ड ३००, प्रोसेसर जोरात असताना १६२, इतर सगळं मिळून ७०-८०. साडेपाचशेच्या आत. ८५० वॉट घेतला, कारण कार्ड क्षणभर उसळी मारतं तेव्हा जागा हवी आणि निम्म्या-पाऊण भारावर पंखा गप्प राहतो. एटीएक्स ३.१ मानकाचा, कार्डाची १२व्ही-२x६ केबल त्याचीच, मध्ये जोडपट्टी नको.

कॅबिनेट : पुढे जाळी. काचेचं तोंड असलेली दिसायला देखणी, पण पंख्यांनी श्वास कुठून घ्यायचा?

३१ मे, शनिवार

सगळं आलं. मॉनिटर आधी जुन्या पीसीला लावून लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पूर्ण पडदे एकेक करून पाहिले. एकही मेलेला पिक्सेल नाही.

१ जून, रविवार

जोडणी. सकाळी दहाला बसलो, रात्री आठला उठलो, त्यातले दोन तास माझ्याच चुकीचे.

कुलर दोन टॉवरचा, हवेवर चालणारा, उंची १५७ मिलिमीटर. कॅबिनेटमध्ये १६५ पर्यंत जागा. मी खूश. पण पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो आणि मी रॅम घेतली ती ४४ मिलिमीटर उंच शिंगांची. पंखा वर सरकवावा लागला, काच बंद होईना. कार्डाची लांबी मोजली, कुलरची उंची मोजली, रॅमची उंची मोजायचं डोक्यात आलं नाही. शेवटी पुढचा पंखा काढून मागच्या टॉवरच्या पाठीला लावला, ओढून घेणारा. तापमानात दोन-तीन अंशांचा फरक पडला असेल. काच बसली.

रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. कार्डाची केबल टक आवाज येईपर्यंत दाबली, नखाने फट चाचपली, आणि टोकापासून निदान ३५ मिलिमीटर सरळ ठेवून मगच वळवली.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. बोर्डावर रॅमचा पिवळा दिवा.

"दादा, गेलं का?"

"थांब."

एक मिनिट. दोन. भाऊ बटणाकडे हात नेऊ लागला, मी तो धरला. पहिल्यांदा सुरू होताना हे बोर्ड रॅमशी जुळवून घेत बसतात, तेवढा वेळ काहीच दिसत नाही. सहाव्या मिनिटाला अक्षरं उमटली. मध्येच बंद केलं असतं तर हीच आरती पुन्हा पहिल्यापासून.

२ जून, सोमवार

रात्री भावाने खेळ लावला. सेकंदाला ९ फ्रेम. दोघांचे चेहरे पाहण्यासारखे. अर्धा तास ड्रायव्हर काढ-घाल केल्यावर त्यालाच दिसलं : मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या खाचेत. रायझनमध्ये एक छोटा ग्राफिक्स भाग असतो, म्हणून चित्र दिसत होतं आणि कुणाला संशय आला नाही. चित्रच आलं नसतं तर मिनिटात कळलं असतं.

केबल कार्डात लावली. तरी काहीतरी जुनंच वाटत होतं. विंडोजने मॉनिटर ६० हर्ट्झवर ठेवला होता. तो २४० केला. मग बायोसमध्ये पाहिलं तर रॅम ४८०० वर, कारण एक्स्पो, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सोय, आपण चालू केल्याशिवाय चालू होत नाही. चालू केलं आणि रात्रभर मेमरीची चाचणी लावली. सकाळी शून्य चुका.

७ जून, शनिवार

दर दहा-पंधरा मिनिटांनी पडदा दोन सेकंद काळा. कार्डावर संशय, पॉवर सप्लायवर संशय, भावावर संशय. निघाली केबल. आर्मवरून वळवून आणायला खोक्यातली आखूड पडली म्हणून मी कपाटातली जुनी, तीन मीटरची डिस्प्लेपोर्ट केबल लावली होती. ६० हर्ट्झला तिने कधी तक्रार केली नव्हती. खोक्यातली परत लावली, कॅबिनेट टेबलाजवळ ओढलं, संपलं.

१४ जून, शनिवार

आठवडाभराचा वापर. माझा पावसाळी रस्त्यांचा खेळ क्वालिटीवर ८५ ते १०० फ्रेम. पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे हर्ट्झ, फ्रेमच्या मागे मागे चालतो, त्यामुळे ८५ आणि १०० यातला फरक हाताला लागत नाही. जादा फ्रेम रचून टाकणारी सोय लावून पाहिली, आकडा फुगला, पण माउस किंचित मागून आल्यासारखा वाटला. बंद केली. भावाच्या खेळात फ्रेम २२५ ला बांधल्या, पडद्याच्या मर्यादेच्या जरा आत, म्हणजे रांग साचत नाही.

दिवसभर मराठी मजकूर वाचला. शिरोरेषा काळीच आहे.

एक भानगड उरली. हा मॉनिटर बंद केल्यावर, झोपेत असताना, स्वतःच्या पिक्सेलची डागडुजी करतो. त्याला त्या वेळी वीज लागते आणि भावाला रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची जुनी सवय. बटणाखाली चिठ्ठी चिकटवली : "बंद करू नये. मॉनिटर झोपलाय."

सकाळी पाहिलं तर खाली त्याच्या अक्षरात : "आणि माझी पाळी ९ वाजता आहे. तू उठ."